तुम्हाला किती ऐकायचंय, हे आधी विचारा

"खरं सांगितलं तर रुग्ण धीर सोडेल, उपचारांनाही साथ देणार नाही. नाही सांगितलं तर रोज राउंडला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. काय करू?"

गंभीर आजाराच्या रुग्णांबरोबर काम करणारे डॉक्टर मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात. नातेवाईकांच्या तोंडी मात्र हा प्रश्न नसतो, विनंती असते: "त्यांना काही कळू देऊ नका." दोघांच्याही मनात भीती एकच. बातमीनं माणूस मोडेल.

या प्रश्नाला सरसकट उत्तर देण्यापेक्षा मी एका रुग्णाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त लेखापाल. फुफ्फुसाचा कॅन्सर, केमो सुरू होऊन काही महिने झालेले. घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं, "फुफ्फुसात जुना डाग आहे, तो वाढू नये म्हणून औषध चालू आहे." नवा स्कॅन झाला तेव्हा फुफ्फुसातली गाठ वाढलेली होती आणि यकृतातही गाठी दिसत होत्या. त्यांचे डॉक्टर तरुण, विशेष शिक्षण नुकतंच संपवून रुजू झालेले. काका तपासणीच्या खोलीत यायच्या आधीच त्यांच्या मुलानं डॉक्टरांना दाराशी गाठलं आणि हात जोडून सांगितलं, "बाबांना एक शब्दही बोलू नका." डॉक्टरांनी त्या दिवशी "रिपोर्ट अजून पूर्ण आलेला नाही" असं म्हणून वेळ निभावून नेली आणि संध्याकाळी माझ्याकडे आले.

मी म्हटलं, आधी मुलाशी बोलू.

मुलगा आला तोच पवित्र्यात. मी त्याला सत्य, हक्क वगैरे काही ऐकवणार असं त्याला वाटलं असावं. मी एवढंच विचारलं, "बाबांना कळलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"मामाचं झालं तेच होईल. मामाला डॉक्टरांनी सांगितलं आणि महिन्याभरात तो गेला. त्या दिवसापासून त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच."

"मामांना कसं सांगितलं होतं?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "राउंडला आले होते. उभ्या उभ्या म्हणाले, आता काही करता येण्यासारखं नाही, घरी न्या. बाजूच्या बेडवरचे लोक ऐकत होते. मामा विचारायला लागला तोवर ते पुढच्या बेडवर गेलेही होते."

"सांगू नका" म्हणणाऱ्या माणसामागे बहुतेक वेळा असा एक जुना मृत्यू असतो. या मुलाच्या मनात बातमीची दहशत होती, पण त्याहून मोठी दहशत बातमी देण्याच्या त्या रीतीची होती. मामाला एकाच वाक्यात दोन गोष्टी कळल्या: आजार बरा होणार नाही, आणि आता आपल्याकडे कुणी बघणारही नाही. माणूस भिंतीकडे तोंड करतो ते दुसऱ्या गोष्टीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

मग मी त्याला विचारलं, "हे सगळं लपवणं तुम्हाला कसं जातंय?" यावर तो बराच वेळ बोलला. रिपोर्टची फाइल तो गाडीत ठेवत होता. बाबा मोबाइल हातात घेतात म्हणून पासवर्ड बदलला होता. आई नळ सोडून बाथरूममध्ये रडत होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाराबाहेर गाठून काय बोलायचं ते पढवावं लागत होतं. घरात कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं, आणि बाबाही हल्ली फारसं काही विचारत नव्हते.

"विचारत नाहीत, म्हणजे त्यांना माहीत नाही असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं उत्तर दिलं नाही.

ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये बसून हे बारकाईनं टिपलं होतं. रुग्णाला काहीच माहीत नसणं, त्याला संशय येणं, सगळ्यांना सगळं माहीत असूनही सगळ्यांनी माहीत नसल्याचं सोंग करणं, आणि उघडपणे बोलणं, अशा चार अवस्था त्यांनी सांगितल्या. तिसरी अवस्था मी फार घरांत पाहते. बाहेरून ती शांत दिसते. आतून तिथे प्रत्येकजण एकटा असतो, आणि सगळ्यात एकटा रुग्ण.

मुलाशी आमचं ठरलं ते असं: काकांना हवी नसलेली कुठलीही माहिती डॉक्टर त्यांच्यावर लादणार नाहीत. आधी त्यांना काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय हे विचारतील. पण काकांनी सरळ प्रश्न विचारला तर खोटं उत्तर देणार नाहीत. बोलणं होईल तेव्हा मुलगा आणि काकू खोलीत असतील. "आणि मामांसारखं उभ्या उभ्या होणार नाही," मी म्हटलं. त्यावर तो तयार झाला. खूश होऊन नव्हे, पण तयार झाला.

नातेवाईकांशी वाद घालून त्यांना हरवण्यात काही अर्थ नसतो. ते प्रेमापोटीच अडवत असतात, आणि नंतर रुग्णाला सांभाळायचं असतं ते त्यांनाच. त्यांना आश्वासन हवं असतं ते रीतीबद्दल, आणि ते डॉक्टर मनापासून देऊ शकतात.

आता डॉक्टर. माझ्या दृष्टीनं जास्त तयारी त्यांचीच करायची होती.

वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्यांची "स्पाइक्स" नावाची एक पद्धत आहे. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली मांडली. जागा आणि वेळ नीट निवडा, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सोप्या शब्दांत सांगा, त्याच्या भावनांना जागा द्या, आणि पुढे काय करायचं ते मिळून ठरवा. आमच्या डॉक्टरांना हे सगळं परीक्षेपुरतं तोंडपाठ होतं. ते म्हणाले, "मॅडम, पायऱ्या येतात हो. पण ते माझ्यासमोर रडायला लागले तर मी काय करू?"

हा त्यांचा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, "काही करू नका. खुर्चीत बसून राहा."

त्यांना हे पटायला वेळ लागला. डॉक्टर घडतो तोच मुळी काहीतरी करण्यासाठी. रडणाऱ्या माणसासमोर काहीच न करता बसणं त्याला कर्तव्यात कसूर केल्यासारखं वाटतं, म्हणून तो पटकन पुढच्या औषधाबद्दल बोलायला लागतो. समोरच्याला त्यातलं काही ऐकू येत नसतं. बातमीचं वाक्य कानावर पडलं की मन तिथेच अडकतं. पुढची दहा मिनिटं डॉक्टर बोलतात ती त्यांच्या स्वतःच्या अस्वस्थतेसाठी.

मी त्यांना सांगितलं, पहिलं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवा. ते म्हणाले, "स्कॅनमध्ये डिसीज प्रोग्रेशन दिसतंय, लिव्हरमध्ये मेटास्टॅटिक लीजन्स आहेत, त्यामुळे आपल्याला सेकंड लाइनचा विचार करावा लागेल." मी म्हटलं, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सांगताय असं समजून म्हणा. दुसऱ्या वेळी इंग्रजी गेलं, पण वाक्य लांबलं आणि बातमी मध्येच कुठेतरी हरवली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "काका, कॅन्सर वाढलाय. तो यकृतातही पोचलाय. सध्याच्या औषधानं तो थांबलेला नाही." आणि गप्प झाले. एवढंच. पहिलं वाक्य खोलीत सुचेल यावर विसंबू नये. ते आधी तोंडातून एकदा गेलेलं असावं.

बाकीची तयारी साधी होती. डॉक्टरांनी फाइल आदल्या रात्री वाचली. मोबाइल परिचारिकेकडे दिला. खोलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या ठेवल्या आणि डॉक्टरांची खुर्ची टेबलाच्या पलीकडून काढून काकांच्या शेजारी आणली. वेळ दिवसाच्या शेवटची घेतली, म्हणजे दाराबाहेर रांग नको.

डॉक्टरांनी सुरुवात केली: "काका, रिपोर्टबद्दल बोलण्याआधी मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आजवर काय काय कळलंय?"

काकांनी मुलाकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे. "सगळे म्हणतात जुना डाग आहे." थोडं थांबून, "डागासाठी दर तीन आठवड्यांनी सलाईन लावतात का हो? आणि डागानं केस जातात का?"

मुलानं मान खाली घातली. काकूंचा हात पदराकडे गेला.

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं," डॉक्टर म्हणाले.

"वाटत काय होतं, वॉर्डाच्या दारावर पाटी आहे की. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या लपवलेल्या रकमा शोधल्या. ही पोरं मला डाग सांगतात."

डॉक्टरांनी विचारलं, "नव्या स्कॅनबद्दल सगळं सविस्तर सांगू? की ठळक गोष्टी सांगून पुढचं मुलाशी बोलू? तुम्ही म्हणाल तसं."

"सगळं. आणि मलाच सांगा."

"बातमी आपल्याला हवी होती तशी नाही, काका." हे म्हणून ते क्षणभर थांबले. कान तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. मग ठरलेली तीन वाक्यं.

त्यानंतरची शांतता मला आठवते, कारण ती मोडू नये म्हणून डॉक्टरांनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. ते दोनदा बोलायला गेले आणि थांबले. काकू रडत होत्या. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. ती शांतता लांबली, आणि ती काकांनी मोडली, डॉक्टरांनी नव्हे. हे फार महत्त्वाचं. बातमीनंतरचा पहिला शब्द रुग्णाचा असला की पुढचं बोलणं त्याला हवं तिकडे जातं.

काका पहिल्यांदा बोलले ते मुलाशी. "मला न विचारता माझं ठरवलंस?" आवाज चढला होता. मुलगा रडायला लागला. "मामासारखं होईल म्हणून घाबरलो, बाबा." डॉक्टरांनी मध्ये पडून कुणाची बाजू घेतली नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला राग आला हे साहजिक आहे. इतके दिवस तुम्ही एकट्यानं ओळखत बसलात." काकांचा राग त्या खोलीत ओसरला नाही. पुढचे दोन-तीन दिवस ते मुलाशी तुटक बोलत होते. खरं सांगितलं की सगळं लगेच गोड होतं असं मी कुणालाही सांगणार नाही.

मग काकांनी तो प्रश्न विचारला, ज्याला सगळे डॉक्टर घाबरतात. "किती दिवस?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही वाईट. "ते कुणाच्या हातात आहे" हे एक, आणि "सहा महिने" असा एकच आकडा हे दुसरं. पहिल्यानं रुग्णाला कळतं की हे मला सांगणार नाहीत. दुसऱ्यानं तो कॅलेंडरवर खूण करतो.

त्यातही डॉक्टरांचे अंदाज चुकतात, आणि बहुतेक एकाच दिशेनं चुकतात. ख्रिस्ताकिस आणि लॅमाँट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी शिकागोतल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या काळातली शुश्रूषा करणाऱ्या संस्थांमध्ये, दाखल होणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं. फक्त २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के वाजवीपेक्षा आशावादी होते, आणि एकंदरीत डॉक्टरांनी उरलेला काळ पाचपटीहून जास्त धरला होता. डॉक्टर रुग्णाला जितके जास्त दिवस ओळखत होते, तितका अंदाज अधिक चुकत होता. माया लागते. म्हणून मी डॉक्टरांना सांगते की आकडा मनात धरण्याआधी तुमच्या रुग्णाला न ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला फाइल दाखवा. आमच्या डॉक्टरांनी ते केलं होतं.

ते म्हणाले, "सांगायचा प्रयत्न करतो. त्याआधी एक विचारू का? कशासाठी जाणून घ्यायचंय?"

"घरचे सगळे व्यवहार मी एकट्यानं पाहिले. हिला बँकेचा साधा फॉर्म भरता येत नाही. शिकवायला किती वेळ आहे, ते बघायचंय."

काकू उठून उभ्या राहिल्या. "मला आकडा ऐकायचा नाही. मी बाहेर बसते." मी त्यांच्याबरोबर बाहेर गेले. एकाच घरात एकाला आकडा हवा असतो आणि दुसऱ्याला नको असतो. दोघांचंही राखता येतं. त्यासाठी फक्त दार उघडून द्यावं लागतं.

आत डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी फाइलमध्ये शब्दशः लिहून ठेवलं. ऑस्ट्रेलियातल्या काही कर्करोगतज्ज्ञांनी सुचवलेली ही पद्धत आहे: एक आकडा न देता तीन चित्रं द्यायची. मधला अंदाज जेवढा, त्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत साधारण अर्धी माणसं जगतात. दहातला एखादा त्याच्या पाव काळातच जातो. दहातला एखादा तिपटीहून जास्त जगतो. काकांच्या बाबतीत मधला अंदाज सहा महिन्यांचा होता. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासारख्या अवस्थेतली दहा माणसं धरली, तर त्यातली पाचेक तीन महिने ते एक वर्ष एवढी राहतील. एखादा दीड महिन्यातच जाईल. एखादा दीड वर्ष ओलांडेल. तुम्ही यातले कोण, हे मला आज सांगता येत नाही. पण वाईटात वाईट धरून कामाला लागा, आणि बऱ्यात बरं व्हावं म्हणून आपण प्रयत्न करू."

हिशेबाच्या माणसाला हे नेमकं कळलं. "म्हणजे बँकेचं पहिल्या महिन्यात," ते म्हणाले.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली मेसोथेलिओमा हा कॅन्सर झाला. त्या आजारात मध्य आकडा आठ महिन्यांचा होता, म्हणजे अर्धे रुग्ण त्याच्या आतच जात. ते पुढे वीस वर्षं जगले आणि २००२ साली वेगळ्याच कॅन्सरनं गेले. ही गोष्ट मला आवडते, कारण मध्य आकड्याच्या पलीकडेही अर्धी माणसं असतात हे त्यातून कळतं. पण काही डॉक्टर ती प्रत्येक रुग्णाला दिलासा म्हणून ऐकवतात, ते मला पटत नाही. त्यातून रुग्णाला वाटतं आपणही तसेच, आणि फॉर्म भरायचे राहून जातात.

पुढच्या औषधाबद्दल त्या दिवशी फार बोलणं झालं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. जाताना एकच विचारलं, "आज काय बोलणं झालं, ते घरी गेल्यावर भावाला कसं सांगाल?" काकांनी जे सांगितलं त्यावरून काय पोचलं आणि काय नाही ते डॉक्टरांना समजलं. यकृताचं पोचलं होतं. औषध बदलायचं आहे हे पोचलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी बराचसा भाग रुग्ण खोलीबाहेर पडेपर्यंतच विसरतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची भेट ही सोय नव्हे, गरज आहे. त्या दिवशीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायलाही डॉक्टरांनी आपणहून सुचवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या औषधाबद्दल एक गोष्ट अगदी स्पष्ट केली: "हे आजार बरा करणार नाही. काही काळ रोखू शकेल, कदाचित." हे वाक्य जवळजवळ नेहमी गाळलं जातं. २०१२ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शरीरभर पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्यांना विचारलं होतं की यानं तुमचा आजार बरा होईल का. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांना केमोनं बरं होण्याची शक्यता जवळपास नाही हे उमगलेलं नव्हतं. यातल्या कितीजणांना कुणी सांगितलंच नव्हतं आणि कितीजणांनी ऐकूनही मनावर घेतलं नव्हतं, हे आकड्यातून कळत नाही. पण केमोच्या त्रासात उरलेले महिने घालवायचे की नाही, हे ठरवणाऱ्याला निदान ते का घेतोय एवढं ठाऊक असायला हवं.

काकांनी औषध घेऊन बघायचं ठरवलं, एका अटीवर. तासभर ताठ बसून काकूंना शिकवता येईनासं झालं तर ते थांबवायचं. आकड्यापेक्षा ही अट डॉक्टरांना जास्त उपयोगी पडली. दर भेटीत ते रक्ताच्या रिपोर्टआधी विचारायचे, "बँकेचं कुठवर आलं?"

त्याच आठवड्यात वेदनाशामक उपचारांच्या (पॅलिएटिव्ह केअरच्या) पथकाशीही त्यांची गाठ घालून दिली. या पथकाचं नाव काढलं की अनेक डॉक्टरांना आणि नातेवाईकांना वाटतं, म्हणजे हात टेकले. २०१० साली टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत हे उपचारही मिळाले, त्यांच्यात नैराश्य कमी होतं, दिवस अधिक बरे गेले, आणि आयुर्मानाचा मध्यही ११.६ महिने निघाला. दुसऱ्या गटाचा ८.९ होता. म्हणून "आता काही करता येण्यासारखं नाही" हे वाक्य मी डॉक्टरांना कायमचं सोडून द्यायला सांगते. ते निर्दयी तर आहेच, शिवाय खोटंही आहे. धाप, वेदना, उलटी, झोप, भीती यांवर शेवटच्या दिवसापर्यंत काहीतरी करता येतं. काकांना पुढे धापेसाठी मॉर्फिनचे अगदी छोटे डोस दिले, आणि ते बसू शकले.

काका त्यानंतर सहा-सात महिने होते. औषध त्यांनी तिसऱ्या महिन्यात थांबवलं, स्वतः सांगून. काकूंनी एकटीनं जाऊन मुदतठेवीचं नूतनीकरण केलं, त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन केला होता.

माणूस खचेल ही भीती जगात सगळीकडे होती. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दहातले नऊ डॉक्टर म्हणाले होते की आम्ही कॅन्सर झाल्याचं रुग्णाला शक्यतो सांगत नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तोच प्रश्न विचारला तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. माणसं त्या अठरा वर्षांत जास्त कणखर झाली नव्हती. डॉक्टर बोलायला लागले होते. आणि २००८ साली पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या ३३२ रुग्णांच्या अभ्यासात, डॉक्टरांशी शेवटाबद्दल बोलणं झालेल्यांमध्ये नैराश्य किंवा काळजी जास्त आढळली नाही. शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग मात्र त्यांच्या वाट्याला कमी आले. बोलल्यामुळेच असं झालं हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण बोलल्यानं माणूस खचतो, या समजाला त्यात आधार मिळाला नाही.

मात्र प्रत्येकाला सगळं सांगायलाच हवं, असंही मी म्हणत नाही. काकांच्याच वॉर्डात एक आजी होत्या. किती ऐकायचंय हे त्यांनाही विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नका सांगू. लेकीला सांगा, ती काय करायचं ते करेल. मला फक्त दुखू देऊ नका." एका उत्साही प्रशिक्षणार्थीला वाटलं, आजी वास्तव नाकारताहेत, त्यांना समजावलं पाहिजे. का बरं? आजींना नीट ठाऊक होतं की काहीतरी गंभीर आहे, आणि त्याचा तपशील कुणी वाहायचा हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. काकांनी "मलाच सांगा" म्हणणं आणि आजींनी "लेकीला सांगा" म्हणणं यात मला फरक वाटत नाही. दोघांनाही विचारलं गेलं होतं. आजींच्या फाइलवर तसं लिहिलं, आणि औषध बदलताना त्यांना पुन्हा एकदा विचारलं, कारण मत बदलू शकतं. त्यांचं बदललं नाही.

फाइलवर लिहिण्याबद्दल एक सांगून ठेवते. रुग्णाला काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, आणि त्यानं काय सांगायला नको म्हटलं, हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही वाचता येईल असं लिहा. रुग्ण खरे प्रश्न बहुतेक रात्री विचारतात, आणि तिला विचारतात. तिला काहीच माहीत नसेल तर ती बिचारी "सगळं ठीक होईल" म्हणते आणि दिवसभराचं बोलणं पाण्यात जातं.

आणि डॉक्टरांसाठी: अशा बोलण्यानंतर पुढचा रुग्ण लगेच आत घेऊ नका. जिन्यात जाऊन उभे राहा, कुणाशी तरी दोन शब्द बोला. काकांच्या खोलीतून बाहेर आल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. मी म्हटलं, लाजू नका, फक्त तोंड धुऊन मगच पुढच्या खोलीत जा.

काही दिवसांनी त्यांनीच मला एक चांगला प्रश्न विचारला. "मुलगा दाराशी आडवा यायच्या आधीच हे सगळं करता येणार नाही का?" येतं. तपासणीला नमुना पाठवायचा त्याच दिवशी, निकाल काय येणार हे कुणालाच माहीत नसताना, रुग्णाला नातेवाईकांसमोर विचारायचं: "रिपोर्ट आल्यावर मी कुणाशी बोलू? तुमच्याशी, घरच्यांशी, की सगळ्यांशी एकत्र? आणि काही वाईट निघालं तर तुम्हाला किती तपशील हवा?" तेव्हा लपवायला काही नसतं, म्हणून कुणी अडवतही नाही. उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि पुढच्या भेटीत ते पान उघडूनच बोलायला सुरुवात करायची. ते डॉक्टर आता बायोप्सीच्या संमतिपत्रावर सही घेतात, तेव्हाच हे विचारून घेतात.